फाटकापलीकडचा थांबा

मी भित्रा माणूस आहे. भित्र्यानं बस चालवू नये असं लोक म्हणतात. मी म्हणतो, त्यानंच चालवावी.

आमच्या घरी रविवारी तिन्ही सरकारं एकाच टेबलावर जेवतात. मी शहराच्या बसवर ड्रायव्हर, सासरे राज्याच्या रस्ते खात्यात, आणि मेहुणा केंद्राच्या रेल्वेत फाटकवाला. त्याचं फाटक ओलांडलं की लगेच आमचा थांबा. जुनी बस तिथे नीट मावायची. मग केंद्राच्या योजनेतून लांब बस आल्या, राज्यानं रस्त्यात दुभाजक घातला, आणि शहरानं थांब्याचा खांब होता तिथेच ठेवला. आता बस थांब्यावर उभी राहिली की शेपूट रुळांवर.

जेवताना मी विषय काढला. सासरे म्हणाले, "थांबा शहराचा. त्यात मी काय करणार?"

मेहुणा म्हणाला, "दाजी, मी फाटक सांभाळू की तुमची बस मोजू?"

आमच्या साहेबांनी तर रूळ रेल्वेचे म्हणून हातच झटकले. थोडक्यात, शेपटाला वाली नव्हता. म्हणून मी थांबा सोडून पुढे जाऊन बस उभी करायचो आणि प्रवाशांच्या शिव्या खायचो.

गेल्या महिन्यात एकदा पुढे मोकळं दिसलं म्हणून बस रुळांवर घातली, तोच गल्लीतून एक टेम्पो आडवा घुसला आणि बंद पडला. घंटा वाजू लागली. फाटकाचा दांडा टपावर आदळला. आरशात मेहुणा लाल झेंडा घेऊन रुळांवरून पळताना दिसला. शेवटच्या सीटवर माझी बायको होती. ड्रायव्हरची बायको म्हणून कुणी ओळखू नये, म्हणून ती नेहमी तिथेच बसायची.

उजवीकडे दुभाजक, डावीकडे खांब आणि माणसं. मी हॉर्न दाबून धरला, माणसं पांगली, आणि बस फुटपाथवर चढवली. खांब आडवा झाला. मागून गाडी धडधडत गेली. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून सगळ्यांसमोर रडलो.

आठवड्याच्या आत खांब पुन्हा उभा राहिला. रेल्वेनं परवानगी दिली, राज्यानं फुटपाथ दुरुस्त केला, शहरानं रंग दिला. तिघांचं इतकं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं. खड्डा मात्र जुनाच वापरला.

बायको आता पुढे बसते, माझ्या मागच्याच सीटवर. कुणी ओळखलं तर ओळखू दे, म्हणते. फाटक जवळ आलं की मी आरशात बघतो. शेवटच्या सीटवर कुणी ना कुणी बसलेलं असतंच.