प्रोमोतलं मरण

जयसिंगला प्रोमोत मारायची कल्पना तनुजाचीच होती, आणि ती सुचली तेव्हा तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

झालं असं, की मालिकेचा टीआरपी उतरणीला लागला होता. ती जिच्यावर बेतली होती ती दुर्गाबाईंची कादंबरी चाळीस वर्षं लोकांनी उशाशी घेऊन वाचली होती. एकाहत्तरच्या युद्धावर गेलेला जयसिंग, त्याची वाट बघणारी चैताली आणि शेवटच्या पानावर सुखरूप परतलेला तो. दुर्गाबाई आता हयात नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या जयसिंगचं काय करायचं ते चॅनेल ठरवत होतं. चॅनेलच्या शेफालीचं म्हणणं, तो शहीद व्हावा, चैतालीचं दुसरं लग्न लागावं आणि मालिका आणखी वर्षभर चालावी. संवादलेखिकेला अशा मीटिंगला बोलावतात ते ठरलेलं ऐकायला. तरी वारज्याच्या आपल्या फ्लॅटमधून, लॅपटॉपसमोर बसून, तनुजा म्हणाली, "मारू नका. मेल्यासारखा दाखवा. गुरुवारपासून प्रोमोत चिता, हार, चैतालीचं पुसलेलं कुंकू. सोमवारी एपिसोडमध्ये कळेल, की प्रेत दुसऱ्याच कुणाचं होतं."

शेफालीला ते पटलं. "पण तनुजा, हे लीक होता कामा नये हं. घरीसुद्धा कुणाला बोलू नकोस."

"नाही बोलणार," तनुजा म्हणाली.

जयसिंगला तिने वाचवलं ते तुळजाबाईंसाठी. तुळजाबाई म्हणजे खरी चैताली. दुर्गाबाई तरुणपणी वाघोलीच्या शाळेत शिकवायला होत्या, तिथे त्यांना ही हकीकत मिळाली. कादंबरीत तुळजाची चैताली झाली, मच्छिंद्रचा जयसिंग झाला, दोन खणांच्या घराचा बंगला झाला. एवढं चालायचंच. पण शेवट दुर्गाबाईंनी पदरचा घातला होता. मच्छिंद्र परत आला नव्हता. आली ती तार, आणि तिच्यात कामाचा शब्द एकच होता, बेपत्ता.

तीन महिन्यांपूर्वी तनुजा त्यांना भेटायला गेली होती. शेत जाऊन तिथे चार मजली इमारत झाली होती. वरच्या मजल्यांवर कॉलेजची मुलं भाड्याने राहत आणि तळमजल्यावर पुतण्याच्या कुटुंबात तुळजाबाई. सत्तरी ओलांडलेल्या बाईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

"त्ये गेले, असं मला कुणी सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या होत्या. "सांगितलं असतं तर पुसलं असतं. मी काय येडी न्हाई."

संवादांत खरेपणा यावा म्हणून तनुजाने मच्छिंद्रचा पलटणीतला नंबर आणि तारेची तारीख वहीत उतरून घेतली. निघताना काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हणाली, "माझ्या ओळखीचे एकजण लष्करात आहेत, आजी. रेकॉर्डमध्ये काय आहे ते विचारते." आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता टाकता, "आमच्या मालिकेत जयसिंगला काही होऊ देणार नाही."

पहिलं वचन ती घरी पोचेपर्यंत विसरली. दुसरं मात्र तिने पाळलं आणि त्याचीच तिला ऐट होती. दिलेल्या शब्दातला निम्मा पाळायचा आणि मनातल्या मनात स्वतःचा पूर्ण सत्कार करून घ्यायचा, हे आम्हां पुणेकरांना छान जमतं.

गुरुवारी प्रोमो सुरू झाला. दिवसातून तीस वेळा चिता पेटत होती. वाघोलीला फोन करावा असं तनुजाला दोनदा वाटलं. पण शेफालीला शब्द दिला होता, आणि प्रश्न चारच दिवसांचा होता. सोमवारी आजी खूश होतीलच की. तिने फोन केला नाही. तिकडूनही आला नाही, आणि ते मात्र तिला टोचत राहिलं. एरवी जयसिंगला साधा ताप आला तरी पुतण्याच्या बायकोचा, नंदाचा, फोन यायचा. आता चिता पेटली आणि त्या घरातून अवाक्षर नाही.

सोमवारी दुपारी नंदाचा फोन आला. "मॅडम, काकूंनी बोलावलंय. आज साडेसातच्या आत या."

"बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या हायेत." नंदा जरा घुटमळली. "आल्यावर आम्हाला कुणाला शिवू नका तेवढं."

याचा अर्थ न कळण्याइतकी तनुजा परकी नव्हती. घरात सुतक होतं. नगर रस्त्यावर रिक्षा मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि ती मनात त्या घरातली माणसं मोजत होती. आजी बऱ्या आहेत. नंदा बोलली. मग पुतण्या? मुलं? एक नाव तिच्या मनात येऊ पाहत होतं, ते ती येऊ देत नव्हती.

दार उघडंच होतं. तुळजाबाई टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. कपाळ मोकळं होतं, गळाही मोकळा होता. पन्नासहून जास्त वर्षं जिथे कुंकू होतं तिथली कातडी उजळ दिसत होती.

"बस," त्या म्हणाल्या. "जरा लांब बस."

तनुजा बसली. तिला भीती वाटत होती, अगदी लहानपणी वाटायची तशी.

"तू नंबर नेला हुतास," तुळजाबाई शांतपणे म्हणाल्या. "तीन म्हयने वाट बघितली मी. गुरवारी चिता दावलीस तवा समजले. दुर्गाबाईंनी त्यांना जित्तं आणलं हुतं. तू बी म्हणलीस, काही होऊ द्यायची न्हाई. मग उगं मारशील व्हय? लष्कराचा कागद आला असंल तवाच मारलंस. तोंडावर सांगाया जीभ रेटली न्हाई, म्हणून टीव्हीतनं सांगितलंस. राग न्हाई मला. उपकारच झाले तुजे."

नंदा दाराशी उभी राहून हळूच म्हणाली, "काल तुळापूरला नदीवर जाऊन केलं सगळं. शरीर न्हाई, म्हणून गुरुजींनी दर्भाचा माणूस करून घेतला. आमच्या ह्यांनी अग्नी दिला. इतकी वर्षं काकू कुणाला हे करू देत नव्हत्या, काल आपणहून म्हणाल्या. नि रात्री गाढ झोपल्या, मॅडम. मी लग्न होऊन आल्यापास्नं त्यांना असं झोपलेलं बघितलं न्हवतं."

तनुजा अंगणात आली आणि तिने शेफालीला फोन लावला. "आजचा एपिसोड थांबव."

"सात वाजून गेलेत, तनुजा. एपिसोड कधीच पोचलाय. आणि थांबवायचा कशाला? प्रोमोने धमाल केलीये."

ती आत आली तेव्हा एपिसोड सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती. मी विचारलंच नाही, मला काहीच माहीत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण वाक्यांवर पोट भरणाऱ्या बाईला ही दोन वाक्यं जुळेनात. त्यात एक विचार डोकावला, आजी आता मोकळ्या झाल्यात, मालिकेला मालिका समजून सोडून देतील. भित्र्या माणसाला असा विचार अगदी वेळेवर सुचतो.

"आजी, आज नका बघू. त्रास होईल."

"तरास कसला? त्या जयसिंगचं बी सगळं नीट करत्यात का, ते बघायचंय मला. नंदा, आवाज वाढव."

शीर्षकगीत वाजलं. चैताली पांढऱ्या साडीत बसलेली होती. मग दृश्य बदललं आणि लष्करी इस्पितळाचा वॉर्ड आला. खाटेवर डोक्याला पट्ट्या गुंडाळलेला एक माणूस होता. बोटं हलली, पापण्या उघडल्या. कॅमेरा जवळ गेला आणि जयसिंग, तनुजाने लिहिला होता तसाच, अडखळत म्हणाला, "चैताली..."

नंदाचा हात तोंडावर गेला.

तुळजाबाईंनी जाहिरात लागेपर्यंत पडद्याकडे पाहिलं. मग मान वळवून तनुजाकडे पाहिलं.

"म्हंजे कागद आलाच न्हवता."

"मी विचारलंच नव्हतं, आजी."

तुळजाबाईंची दोन बोटं कपाळाकडे गेली आणि तिथेच थांबली. त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. घरातली एखादी वस्तू कुठे ठेवली ते विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं,

"मग काल आमी जाळलं कुणाला?"