पासवर्ड घाल

“मेलं नुसतं गरगरतंय. काम काडीचं नाही, आणि तोरा बघा!” स्क्रीनवरच्या रंगीत भिंगरीकडे बघत ताई पुटपुटली.

धाकटीनं खुर्ची जवळ ओढली. दोघी बहिणी घरातल्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायचं काम करत. शाळेचा वार्षिक अंक आज दुपारी छापखान्यात जायचा होता आणि मॅक गोगलगायीला लाजवत होता.

धाकटीनं टर्मिनल, मशीनला लेखी हुकूम द्यायची खिडकी, उघडलं. ही विद्या ती व्हिडिओ बघत, ठेचकाळत शिकली होती. चालू कामांच्या यादीत एक ॲप सगळी मेमरी गिळून मख्ख बसलं होतं. पण मालकाच्या रकान्यात ताईचं नाव नव्हतं. ताईच्या नवऱ्याचं होतं.

“भावोजींचं लॉगिन अजून चालूच?”

“असू दे की. काम अर्धवट आहे त्यांचं. आल्यावर विचारतील, कुणी बंद केलं म्हणून.”

भावोजी मागल्या हिवाळ्यात बॅग भरून गेले होते. कुठे नि कुणाकडे, ते घरात तिघींनाही ठाऊक होतं. आई शेजारणींना ‘कामानिमित्त’ म्हणून सांगे. आणि तेव्हापासून घरातून एक क्रियापद हद्दपार झालं होतं. मीठ घालायचं, कचरा बाहेर ठेवायचा, पत्र पेटीत सोडायचं. टाकायचं काहीच नाही. टाकलेली बाई हा शब्द चुकूनही उंबरा ओलांडू नये, यावर आईचा पहारा होता.

धाकटीनं ‘किल’ लिहून त्या ॲपचा नंबर दिला. परवानगी नाही, मशीननं बजावलं.

“बघ, त्यालाही कळतं,” ताई म्हणाली.

“त्याला एवढंच कळतं, की हे तुझं नाही.”

धाकटीनं जीभ चावली आणि पुढे मशीनवर मालकीहक्क सांगणारा ‘सुडो’, किलच्या मागे नऊचा आकडा लावून ओळ पुन्हा लिहिली. नुसता किल म्हणजे विनवणी, बाबा रे, आवर आणि निघ. नऊ लावला की विचारपूस नाही. सेव्ह न केलेलं सगळं गेलं.

“ताई, तुझा पासवर्ड टाक.”

दारात ओले टॉवेल घेऊन आई उभी होती. तिचे हात थबकले. धाकटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“घाल म्हणजे,” ती घाईनं म्हणाली.

ताईनं बोटं चालवली. “उमटत नाहीये काही.”

“दिसत नाही ते. तसंच लिहायचं.”

निम्म्यावर ताईनं सगळं खोडलं. “त्यांचं काहीतरी राहिलं असेल गं आत. जाईल ते.”

आईनं टॉवेल खुर्चीवर आपटले. जावयाला पाठीमागेसुद्धा तिनं कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

“त्याचं इथं काही राहिलेलं नाही, पोरी,” ती म्हणाली. “तुला टाकून गेलाय तो.”