मोरेश्वरकाकांचे उघडे डोळे

"यांचे डोळे उघडे आहेत असा एक फोटो दाखव, बक्षीस देते," असं मालिनीकाकू म्हणायच्या तेव्हा गिरिजाला वाटायचं, काकू मीठमसाला लावून सांगताहेत. मग एकदा काकूंनी नागपूरहून आणलेला छोटा अल्बमच तिच्यापुढे उघडला. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या बांधलेले मोरेश्वरकाका चक्क पेंगलेले. मुलाच्या मुंजीत पेंगलेले. ऑफिसच्या निरोपसमारंभात गळ्यात भला मोठा हार आणि डोळे गच्च मिटलेले.

"हा तर मी लपवूनच ठेवते," काकू म्हणाल्या. "हार काय, मिटलेले डोळे काय! कोणी पाहिला तर भेटायला येतील ना घरी!"

अपवाद एकच, पासपोर्टचा फोटो. त्यात काकांनी डोळे इतके ताणले होते की जणू समोर साप निघाला असावा.

काका-काकू मुलाकडे, विवेककडे, अमेरिकेत सनीव्हेलला आले होते. गिरिजा आणि तिचा नवरा अवधूत त्याच कॉम्प्लेक्समध्ये मागच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. अवधूत एका चिप कंपनीत होता. गिरिजा पुण्यात लॅबमध्ये नोकरी करायची, पण इथे डिपेंडंट व्हिसावर कामाची परवानगी नव्हती. अवधूतने तिच्या वाढदिवसाला एक सेकंडहँड डिजिटल कॅमेरा आणला आणि ती त्यात बुडूनच गेली. लायब्ररीतून फोटोग्राफीची पुस्तकं आणायची, शेजाऱ्यांच्या मुलांचे फोटो काढायचे, असा तिचा दिनक्रम सुरू झाला.

नागपूरला परतल्यावर काकांची पंचाहत्तरी होती. हॉलमध्ये लावायला मोठा फोटो हवा म्हणून विवेक त्यांना मॉलमधल्या एका स्टुडिओत घेऊन गेला. तिथली मुलगी फार गोड होती. ती "वन, टू, थ्री" म्हणायची, लखकन फ्लॅश पडायचा आणि काकांचे डोळे मिटायचे. शेवटी विवेक वैतागला. "बाबा, प्लीज यार, एकदा तरी!"

दुसऱ्या दिवशी काकू गिरिजाकडे आल्या. "तुझा तो मोठा कॅमेरा आहे ना, त्याने काढून बघ गं एक. हे बोलत नाहीत, पण मनाला लागलंय त्यांच्या."

गिरिजाने विवेककडून स्टुडिओतलं सगळं विचारून घेतलं आणि विचार केला. फ्लॅश पडल्यावर काका डोळे मिटत नव्हते, ते आधीच मिटत होते. "टू" ऐकलं की त्यांच्या पापण्या खाली यायला सुरुवात व्हायची. म्हणजे फ्लॅश नको आणि मोजणंही नको. सतत जळणारे दिवे हवेत, त्यांत डोळ्यांना दचकायला काही नसतं. पण स्टुडिओचे खरे दिवे परवडण्यासारखे नव्हते. ती हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि गॅरेजमध्ये गाडीखाली काम करताना लावतात ते चिमट्याचे, ॲल्युमिनियमच्या वाटीचे दोन दिवे घेऊन आली. उजेड मऊ व्हावा म्हणून पुढे शॉवरचा पांढरा पडदा टांगला, सावली उजळायला थर्माकोलचं पांढरं बोर्ड, आणि पाठीमागे राखाडी चादर.

तालमीसाठी अवधूतला खुर्चीत बसवलं. पहिल्या फोटोत त्याचा एक गाल हळदीने माखल्यासारखा पिवळा आणि दुसरा निळसर आला. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड आणि बल्बचा उजेड एकमेकांत मिसळत होते. तिने ब्लाइंड्स बंद केले. मग दिवा आणखी जवळ सरकवला, आणि जरा वेळाने अवधूत नाक वर करून म्हणाला, "गिरिजा, मी जळतोय की पडदा?"

पडदा. प्लॅस्टिक वितळून बल्बला चिकटलं होतं. स्मोक अलार्म कोकलायला लागला, अवधूत टॉवेल घेऊन छताला वारा घालायला लागला, आणि समोरच्या बिल्डिंगमधली माणसं बाल्कनीत आली.

ही हकीकत ऐकून काकू पोट धरून हसल्या. मग आत गेल्या आणि काकांचं पूजेचं धोतर घेऊन आल्या. पांढरंशुभ्र, मऊ, वर्षानुवर्षं धुतलेलं सुती धोतर. गिरिजाने ते कपडे वाळत घालायच्या स्टँडवर पसरलं, दिवा हातभर मागे ठेवला, आणि चादरीवर उजेड असा पडला जसा आभाळ भरलेल्या दिवशी अंगणात पडतो.

शनिवारी सकाळी काका सूट घालून आले. धोतराकडे बघून थबकले.

"हे माझं आहे ना?"

"तुमचंच. आज तुम्हाला तेच उजळणार आहे," काकू म्हणाल्या. "बसा आता."

चष्म्याच्या काचांत दिवा चमकत होता, म्हणून गिरिजाने दिवे उंच केले आणि चष्म्याच्या काड्या कानावर जराशा वर उचलल्या. चमक गेली. "काका, मी मोजणार नाही. तुम्ही आपले गप्पा मारा." काका खुलले. ते पाटबंधारे खात्याच्या गोष्टी सांगू लागले, आणि खरंच, डोळे उघडे राहिले! पण गिरिजाने स्क्रीनवर पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. गॅरेजच्या दिव्यांचा उजेड तो केवढासा. शटर सावकाश उघडझाप करत होतं, आणि काका बोलताना मान, हात, खांदे सगळं हलवत. प्रत्येक फोटो हललेला.

"काका, जरा स्थिर बसाल?"

स्थिर बसायचं म्हटल्यावर काका ताठ झाले, आणि क्लिक व्हायच्या आतच पापण्या मिटल्या.

"सोड गिरिजा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "माझे डोळेच तसे आहेत."

गिरिजाला वाईट वाटलं. बोलले की हलतात, गप्प बसले की मिटतात. मग तिच्या मनात आलं, हे ऐकत असले तर? ती वळली. "काकू, तुम्ही इकडे या, माझ्या खांद्याशी उभ्या राहा. काकांना काहीतरी सांगा. त्यांना माहीत नसलेलं."

"यांना माहीत नसलेलं?" काकू हसल्या. मग अचानक पदर सावरून म्हणाल्या, "आहे एक. अहो, तुम्हाला वाटतं ना, तुम्ही मला बघायला आलात आणि पसंत केलंत?"

"वाटतं काय? मीच आलो होतो. तू पोह्यांत मीठ विसरली होतीस."

"त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, माझ्या कुसुमआत्याच्या लग्नात, तुम्ही पंगतीत जिलबी वाढत होतात. एक म्हातारे गृहस्थ एकटेच मागे राहिले होते, सगळे उठून गेले होते. तुम्ही त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलात, त्यांचं जेवण होईपर्यंत. मी खांबामागून बघत होते. घरी जाऊन मी माझ्या वडिलांना सांगितलं, तो जिलबीवाला मुलगा कोण, त्याच्या घरी निरोप पाठवा. तुम्ही बघायला आलात ते मी बोलावलं म्हणून."

काका हलले नाहीत. मान किंचित पुढे आली होती, ओठ थोडे विलग झालेले, आणि चष्म्याआड दोन्ही डोळे पूर्ण उघडे, काकूंवर खिळलेले. गिरिजाचं बोट बटण दाबत राहिलं. शटर पडल्याचं त्यांना ऐकूही आलं नाही.

"इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि पसंत केल्याचा तोरा किती होता तुमचा! म्हटलं, असू दे."

काका हसू लागले. इतके की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. गिरिजाने काकूंना ओढत त्यांच्या शेजारी नेऊन बसवलं. थर्माकोल अवधूतच्या हातात दिलं, त्याने ते काकूंच्या बाजूला धरलं, आणि दोघांच्याही तोंडावर तोच मऊ उजेड आला. त्या फोटोत काकूंचा हात काकांच्या बाहीवर आहे, आणि दोघंही कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत.

विवेक न्यायला आला तेव्हा फोटो कॉम्प्युटरवर उघडलेला होता. तो स्क्रीनजवळ वाकला. "बाबा असे दिसतात?" असं म्हणून त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, त्या दिवशी मी उगाच ओरडलो."

"ते जाऊ दे," काका म्हणाले. "तुझी आई काय म्हणतेय ते ऐक आधी."

पंचाहत्तरीला नागपूरच्या हॉलमध्ये एकट्या काकांचा नव्हे, दोघांचा फोटो लागला. इकडे सनीव्हेलला बातमी पार्कमधल्या बाकांवरून पसरली, आणि शनिवारी सकाळी गिरिजाच्या दारात कोणाचे ना कोणाचे आई-वडील उभे राहू लागले. व्हिसामुळे पैसे ती घेऊ शकत नव्हती. तिचा फ्रीज मात्र लाडू-चकल्यांनी आणि लोणच्यांनी भरला. अवधूत थर्माकोल धरण्यात तरबेज झाला.

एकदा शेजारच्या क्युपर्टिनोहून एका मावशींचा फोन आला. "डोळ्यांचं काही नाही हो माझ्या, पण फोटोत मी फार खडूस दिसते. तुमच्याकडे त्याला काही उपाय आहे का?"

"आहे ना," गिरिजा म्हणाली. "मावशी, तुमचे मिस्टर आहेत ना घरी? येताना त्यांना घेऊन या."