हातावरचा रुमाल, उन्हातला कान

मी एक जुना बागायतदार रुमाल आहे आणि बन्सी दलालांचा अर्धा डावा कान गेला.

मित्रांनो, या वाक्याचा दुसरा भाग तुम्ही वाचलेलाच नाही, असं समजा. बन्सीभाऊंचे दोन्ही कान जागेवर आहेत, तब्येत ठणठणीत आहे, काहीही झालेलं नाही. आता मी निवांतपणे माझी कहाणी सांगतो.

माझा जन्म मागावर झाला. सुती, पांढरा, कडेला लाल पट्टी. घोडेगावच्या गुरांच्या बाजारात एका पालावर मी घडी घालून पडलो होतो. बन्सीभाऊंनी मला उचललं, बोटांनी चोळलं आणि डोक्याला गुंडाळलं. पहिल्याच दिवशी डोकं मिळालं. काही रुमालांचा जन्म सायकल पुसण्यात जातो.

बन्सीभाऊंच्या अंगात जन्मापासून रंगच नव्हता. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. उन्हात त्यांचे डोळे मिटायचे आणि लांबचं धड दिसायचं नाही. म्हणून ते जनावर हातानं पारखत. पाठीवरून एकदा हात फिरवला, की ती गाय कधी व्याली, शेवटची कुणाला लाथ मारली, सगळं सांगत. दुपारपर्यंत त्यांचे गाल लालबुंद व्हायचे. लोक म्हणायचे, काय तेज आहे! ते तेज नव्हतं. कातडी भाजत होती. पण गोऱ्या माणसाला भाजलं तरी आपल्याकडे कौतुकच होतं.

आता माझ्या कामाबद्दल. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात. कुणी किती बोटं दाबली, ते मी आजवर सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही. डोळ्यांनी कमी असलेल्या बन्सीभाऊंना हा धंदा म्हणजे देवानं त्यांच्यासाठीच काढलेला. ते भराभर सौदे जुळवत आणि लोक मलाही नशीबवान म्हणत.

अडचण एकच होती. हातावर टाकायला मला डोक्यावरून काढावं लागे. सौदे रंगायचे भर दुपारी. मी खाली हातांवर, सावलीत, गार. आणि हातभर वर ते डोकं, ते कान, ती मान उघडी. खोबरेलाचा वास अजून माझ्या अंगाला असायचा. मी खालून वर बघत राहायचो. दिसायचं काही नाही. रुमालाला डोळे कुठले! तरी बघायचो.

त्यांच्या पत्नी पुष्पावतीबाई एकदा म्हणाल्या, "अवं, हातासाठी दुसरा रुमाल नेला तर बैल हसत्याल का?"

"दुसऱ्या रुमालाला बोटं वळखू येत न्हाईत," बन्सीभाऊ म्हणाले.

तरी बाईंनी दुसरा रुमाल घेऊन दिला. जाड, घट्ट विणीचा, नवाकोरा. बन्सीभाऊंनी तो बाजारात नेला आणि ऊन लागतंय म्हणून एका म्हशीच्या डोक्याला बांधला. त्या दिवशी घोडेगावच्या बाजारात सगळ्यात सुरक्षित कातडी म्हशीची होती. संध्याकाळी ती रुमालासकट विकली गेली.

मग डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक फोड आला. खपली धरायची, पडायची, रक्त यायचं, पुन्हा खपली. त्यावर हळद झाली, चुना झाला, कुणीतरी सांगितलेला पाला झाला. तीन महिने झाले तरी फोड जाईना. रोज संध्याकाळी माझ्यावर एक लाल ठिपका उमटायचा. सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं. पण मी बोलणार कसा? मी डाग पाडू शकत होतो, तेवढे पाडले.

ते डाग पुष्पावतीबाईंनी वाचले. त्यांनी मला धुवायचं बंद केलं. "नगरच्या डाक्टरकडं जात न्हाई तवर ह्यो असाच ऱ्हाईल," एवढं बोलून त्या साबण लपवून बसल्या.

पुढच्या बाजारात बन्सीभाऊंनी मला तसंच हातावर टाकलं. समोर गोरक्ष व्यापारी होता, वीस वर्षांचा दोस्त. त्यानं आतला हात काढून घेतला.

"कुनाचं रक्त हाय ह्ये, बन्सीभाऊ?"

"माझंच."

"मंग सौदा ऱ्हाऊ दे. आदी ह्येचं बघ."

वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याखालून सौदा न ठरता हात निघाले.

नगरच्या डॉक्टर शॅरन यांनी फोडाचा तुकडा तपासायला पाठवला. तो कातडीचा कॅन्सर निघाला. त्या म्हणाल्या, अंगातला रंग ही प्रत्येकाची घरची छत्री असते. काकांना ती मिळालेलीच नाही, म्हणून त्यांनी उन्हाला जास्त जपायचं. वेळेत आलात, कानावर भागेल. आणखी थांबला असता तर गाठ मानेत उतरली असती.

"पर डोक्याला रुमाल असतो की माझ्या," बन्सीभाऊ म्हणाले.

डॉक्टरांनी मला उचललं आणि खिडकीसमोर धरलं. माझ्यामागं त्यांनी आपला हात धरला. पाचही बोटं स्वच्छ दिसली.

"काका, यातून ऊन आरपार येतंय."

मित्रांनो, इतकी वर्षं मी समजत होतो, की मी डोक्यावर असतो तेव्हा तरी ते डोकं सुखरूप असतं. धुऊन धुऊन मी कधीच विरलो होतो.

अर्धा कान काढावा लागला. होय, तेच वाक्य. बन्सीभाऊ वाचले. आता पुष्पावतीबाईंनी जाड कापडाची, रुंद काठाची, कान झाकणारी टोपी शिवून दिली आहे. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला आणि मानेला डॉक्टरांनी दिलेलं ऊन अडवणारं मलम. दहा ते चार ते बाजारातल्या कडुलिंबाखालून हलत नाहीत; गिऱ्हाईक तिकडे येतं. पहिल्या दिवशी टोपी बघून गोरक्ष म्हणाला, "अंपायर आले. आता बैल आऊट." पण पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतःच्या मापाची विचारली.

मी अजून हातांवर असतो. डोक्यावर मात्र पुन्हा गेलो नाही. टोपी चांगली आहे. माझा तिच्यावर राग नाही. थोडा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कापड उन्हासमोर धरून बघा. ज्यांच्या अंगात रंग कमी, त्यांना हसू नका, सावली द्या. आणि महिनाभर न बरी होणारी जखम कुणाच्याही अंगावर असो, हळद लावत बसू नका, दाखवा.

आता माझं एक छोटं काम आहे, ते नियमानुसार मांडतो.

प्रति, मा. सचिव, गुरांचा बाजार. विषय: डोक्यावर फेरनेमणूक मिळणेबाबत. महोदय, अर्जदार विरळ असल्याचे त्यास मान्य आहे. तरी दिवस पूर्ण मावळल्यानंतर, म्हणजे अर्जदाराच्या हातून कोणतेही नुकसान संभवत नाही अशा वेळी, बन्सी दलाल यांच्या डोक्यावर फक्त पाच मिनिटांसाठी बसण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. गेलेल्या अर्ध्या कानाचा नाहरकत दाखला सोबत जोडता आलेला नाही.