चार्जिंगचं यंत्र

थोरलीच्या कानातल्या यंत्राचा सेल मसुराएवढा. तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शर्टांची काजं करून तिची बोटं बधिर झाली होती. सेल धरायला गेली की तो टुणकन पलंगाखाली. म्हणून दर रविवारी धाकटी बहीण दोन बस बदलून यायची, नव्या सेलचं स्टिकर सोलायची, हवा लागावी म्हणून मिनिटभर तो तसाच ठेवायची आणि यंत्रात बसवायची. मग चहा. चार वर्षांत कधी खंड पडला नाही.

यंत्र जुनं झालं. दुकानदार म्हणाला, "सेलचं स्वस्त पडेल आजी, पण आठवड्याला सेल बदला. चार्जिंगचं महाग, झोपताना डबीत ठेवलं की दिवसभर बघायला नको."

थोरलीने चार्जिंगचं घेतलं. धाकटी आता रिकाम्या हातांनी येईल, घटकाभर निवांत बसेल, असं तिच्या मनात.

पहिल्या रविवारी धाकटी फिरकली नाही. दुसऱ्याही नाही. फोनवर म्हणाली, "आता कुठे काय अडलंय गं तुझं?"

तिसऱ्या रविवारी थोरलीने शेजारणीकडून निरोप धाडला, यंत्र बंद पडलंय म्हणून. धाकटी धापा टाकत आली. डबी उघडून पाहिली.

"ताई, हिरवा दिवा लागलाय. चालतंय की."

"माहीत आहे."

"मग मला कशाला पळवलंस?"

"नुसतं ये म्हटलं असतं तर आली असतीस?"

धाकटी खाली बसली. "नसते आले. चार वर्षं एक रविवार माझा नव्हता. तू सेल सांडायचीस, मी पलंगाखाली रांगायचे. एकदा तरी विचारलंस, तुझे गुडघे कसे आहेत?"

यंत्र तुझ्यासाठीच घेतलं गं, हे थोरलीच्या ओठांवर आलं. पण आता ते उपकार काढल्यासारखं झालं असतं.

"चहा टाकते," ती म्हणाली.

"नको. बस चुकेल."

महिनाभराने न राहवून थोरलीने फोन लावला. धाकटीच्या सुनेने उचलला. पलीकडून, जरा दुरून, ओळखीचा आवाज आला: "ताई असेल तर सांग, बाहेर गेलेय."

"आई बाहेर गेल्यात, मावशी," सून म्हणाली. "काही निरोप?"

"नाही गं," थोरली म्हणाली. "काम काही नव्हतं."