माझी पाठ वाचलीत का?

मी मिक्स फ्रूट ज्यूसचा एक लिटरचा खोका बोलतोय. अंगावर आंबा, पेरू, अननस, सगळी फळं दवबिंदूंसह छापलेली. पोटात मात्र थोडा गर, पुष्कळ पाणी आणि साखर. हे मी लपवलं नव्हतं. पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं.

परळच्या एका हॉस्पिटलसमोर राजारामशेठचं दुकान आहे. तिथे मी दर्शनी फळीवर असायचो. पेशंटला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून लोक यायचे आणि मला काखोटीला मारायचे. हल्ली तरुण गिऱ्हाईक मला उलटं करतं, वाचतं आणि शेजारची बिनसाखरेची बाटली, नाहीतर नारळपाणी घेऊन जातं.

"दुकानाचं वाचनालय केलंय यांनी," राजारामशेठ कुरकुरायचे. पण मला वरच्या फळीवर त्यांनीच हलवलं.

तिथून मला रघूनं उतरवलं. माझगाव गोदीतला त्याचा जुना सोबती बुधाजी वॉर्डात होता. वाढलेल्या साखरेपायी त्याच्या पायाचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलेलं. उद्या सकाळी साखर उतरली तरच नेणार होते. आणखी उशीर झाला तर पाऊल जाईल, असं डॉक्टर बोलले होते.

"माझा चहा पण बंद केलाय रे," बुधाजी म्हणाला.

"हा काय चहा आहे? फळं आहेत. पी गुमान." रघूनं पेला काठोकाठ भरला.

तेवढ्यात बुधाजीची मुलगी माया ऑफिसातून आली. तिनं मला उचलून उलटं केलं.

"रघूकाका, मागचं वाचलंत?"

"पुढे एवढा बाजार मांडलाय, मागे कशाला जाऊ?"

"शंभर मिलीला बारा ग्रॅम साखर. हा पेला दोनशेचा. म्हणजे सहा चमचे. बाबा, ठेवा तो."

बुधाजीनं पेल्याकडे पाहिलं, मग पायाकडे. पेला खाली ठेवला.

"रघ्या, पाजून मारतोस की काय?"

रघूनं पेला उचलला. त्यानंच मला बेसिनमध्ये रिकामं केलं.

आता मी खाटेखालच्या कचऱ्याच्या डब्यात चेपलेला पडलोय. माझा खप घसरतोय, आणि मला त्याचं दुःख नाही. लोक वाचायला लागलेत, ते थांबणार नाहीत. मला छापणाऱ्यांना एकच सांगणं आहे: साखर पुढच्या अंगावर लिहा, फळांएवढ्या अक्षरांत. प्रत्येक खाटेपाशी माया वेळेवर पोचेलच असं नाही.

सकाळचे आठ वाजलेत. नर्सनं साखरेचा आकडा वाचून मान डोलावली. स्ट्रेचरची चाकं माझ्या जवळून गेली. बुधाजीला आत घेतलंय.

आता कचरा उचलणारी मावशी आली तरी चालेल.