पिवळ्या खोलीतला पिवळा

मी बिलिरुबिन. जीभ अडखळत असेल तर नुसतं पिवळा म्हणा. लाडाने मला कुणी हाक मारलेली नाहीच.

तुमच्या रक्तातल्या लाल पेशी म्हाताऱ्या होऊन फुटतात, त्यांच्या मोडक्या सामानातून माझा जन्म. यकृत मला विरघळवतं आणि पित्तातून आतड्यात ढकलतं. तुमच्या शौचाला रंग येतो तो माझ्यामुळे. मुका मार काळानिळा होऊन मग पिवळा पडतो, तेही मीच. थोडा असलो तर पेशींची राखण करतो. डॉक्टर मला मोजून यकृताची खबर काढतात. तरी नाव काढलं की तोंडं वाकडी!

असो. एका रंगाऱ्याच्या तान्ह्या मुलीच्या अंगात होतो, ते सांगतो.

बाळ येणार म्हणून त्याने हौसेने खोली पिवळी रंगवली. पडदे पिवळे, दुपटंही पिवळं. मुलीचं यकृत अजून कामाला लागलेलं नव्हतं, म्हणून मी साचत गेलो. कातडीत उतरलो, डोळ्यांत उतरलो. आणखी काय करायचं होतं, ओरडायचं?

"अहो, ही पिवळी वाटत नाही?" बाळाच्या आईने विचारलं.

"भिंतीची झाक आहे गं ती. चांगले दोन हात मारलेत," रंगारी हसला. "आता रंग तू मला शिकवणार?"

त्याची आई पाळण्यात डोकावली. "सोन्यासारखी आहे नात माझी. उगाच खोट काढू नकोस, सूनबाई."

"अहो आई, दूधही ओढत नाही. नुसती झोपते."

"गुणाची आहे. तुझ्या नवऱ्याने रडून घर डोक्यावर घेतलं होतं."

गुणाची कसली! ती गुंगी माझी होती.

मग दवाखान्यातल्या नर्सबाई बाळ बघायला आल्या. खोलीत काही कळेना, म्हणून त्यांनी तिला दाराबाहेर उजेडात नेलं, नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून उचललं. दाबलेली जागा पिवळीच दिसली.

"अहो, पिवळीधम्मक झालीय पोर! डोळे आहेत का बटणं? चला, उचला!"

दवाखान्यात तिला निळ्या दिव्याखाली उघडी ठेवली. त्या उजेडाने माझा आकारच बदलला. यकृताची वाट न बघता मी बाहेर पडू लागलो. पोर वाचली, दूध पिऊ लागली. सगळ्यांनी सुटलो म्हटलं.

पण त्याआधी मी तिच्या मेंदूत, ऐकण्याच्या वाटेवर शिरलो होतो. मुद्दाम नाही. फट मिळाली की पाणी शिरतं, तसा. तिथलं जे जळालं ते कुठल्याच दिव्याने परत येत नाही.

आता रंगारी तिच्या पाठीमागे बसून टाळ्या वाजवतो. ती खेळण्यात गुंग असते.

"पुरे रे, हात लाल झालेत," त्याची आई म्हणते.

"थांब गं. आता वळेल."

टाळ्या थांबल्या की तो मला शिव्या घालतो. घालू दे. मी लपलो होतो कुठे? तुमच्या घरी तान्हं बाळ असेल तर त्याला दिवसाउजेडी दारात नेऊन बघा, आणि त्याच्या आईला शंका आली तर हसू नका.